राज्य कुणावर?

लपंडावात ज्याच्यावर राज्य येतं त्याच्या हाती कसलीच सत्ता नसते. तो बिचारा भिंतीकडे तोंड करून आकडे मोजतो आणि मग घामाघूम होत बाकीच्यांना हुडकत फिरतो. खेळात शिरल्यावर 'राज्य' हा शब्द पुरता उलटा झाला. राज्य म्हणजे शिक्षा, जमेल तितक्या लवकर दुसऱ्याच्या गळ्यात मारायची गोष्ट. हा अर्थ कुठल्या समितीने ठरवला नाही, कुणी फळ्यावर लिहून दिला नाही. पोरांनी तो केला आणि पुढच्या पोरांच्या हवाली केला. त्यामुळे मराठी बुडाली अशी तक्रार माझ्या तरी कानावर आलेली नाही.

मात्र तोच उद्योग पोरं स्क्रीनसमोर बसून करू लागली की सूर बदलतो. बंद दाराआडून भाच्याचा आवाज येतो, "मेलो! उचल मला! अरे कव्हर दे ना, बॉट आहेस का?" आणि घरातलं मोठं माणूस कपाळाला हात लावतं. ही काय भाषा झाली? सारखं मरणं-मारणं, लूट, इंग्रजीची खिचडी. भाषा अशी झाली की मनंही तशीच होणार.

मला ही तक्रार चुकीच्या दारावर थापा मारणारी वाटते. खेळणाऱ्यांनी शब्दांचे अर्थ बदलले यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही. बदललेल्या अर्थाच्या आडोशाला कोण उभं आहे, हे मात्र बघायला हवं.

आधी मरणाचं बघू. बुद्धिबळात घोडा मरतो, सोंगट्यांच्या पटावर सोंगटी मरते, आणि वजीर मेला म्हणून कुणी सुतक पाळत नाही. खेळातलं मरण म्हणजे डावातून बाजूला होणं, हा अर्थ मराठीत फार जुना आहे. 'उचल मला' एवढाच भाग नवा. संघातला जखमी गडी ठरावीक वेळात दुसऱ्या कुणी येऊन उभा केला नाही तर बाद होतो. तेव्हा 'उचल' या दोन सेकंदांच्या शब्दात विनंती आहे, घाई आहे आणि विश्वासही आहे. हा मुद्दा इथेच सोडतो, त्यात वाद घालण्यासारखं फारसं नाही.

खरी गंमत या शब्दांच्या घडणीत आहे. खेळणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, साथीदार कुठल्या तरी दुसऱ्या शहरात. अशा वेळी लांब वाक्याला जागाच नसते. 'काइट' हा शब्द घ्या. इंग्रजीत त्याचा अर्थ पतंग. खेळात 'काइट करणं' म्हणजे ताकदवान शत्रूला अंगावर येऊ द्यायचं नाही, पण तो पाठलाग सोडून माघारी फिरेल इतकं लांबही जायचं नाही. मागे सरकायचं, वळून वार करायचा, पुन्हा सरकायचं. तो आपल्यामागे दोऱ्याला बांधल्यासारखा ओढला जातो. हे सगळं मला लिहायला तीन वाक्यं लागली, आणि तेवढ्या वेळात माझा गडी दोनदा मेला असता. ज्याला कुणाला पहिल्यांदा इथे पतंग दिसला, त्याच्या डोळ्याला मी कवीचा डोळा म्हणेन.

'नर्फ'ची कथा आणखी मजेदार आहे. १९७० साली अमेरिकेत घरात खेळायचा फोमचा मऊ चेंडू बाजारात आला, त्याचं व्यापारी नाव 'नर्फ'. पुढे त्याच नावाची फोमची खेळण्यातली हत्यारंही आली. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' हा एकाच वेळी हजारो लोकांनी खेळायचा खेळ सुरू झाला. त्यात तलवारींची ताकद कमी करण्यात आली, तेव्हा आता आम्ही फोमच्या दांडक्यांनी लढतोय अशी ओरड खेळाडूंनी केली, आणि तिथून 'नर्फ' हे क्रियापद झालं असं सांगतात. बनवणाऱ्यांनी वरून एखाद्या गोष्टीची धार काढून घेतली की ती 'नर्फ' झाली. म्हणजे शब्दाच्या पोटातच निषेध भरलेला आहे. सत्तेने केलेल्या कपातीला प्रजेने ठेवलेलं हे नाव आहे, आणि खेळाबाहेर कायद्यातलं एखादं कलम बोथट केलं तरी लोक तोच शब्द वापरतात, तो उगाच नव्हे.

काही शब्द निव्वळ गैरसमजावर तगतात. 'मॉब' म्हणजे इंग्रजीत जमाव. पण खेळात एकटा राक्षससुद्धा मॉब असतो. कारण हा मॉब त्या मॉबचा कुणीच लागत नाही. १९७८ साली ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठात 'मड' नावाचा केवळ मजकुरावर चालणारा खेळ तयार झाला. त्यात आपणहून हिंडणाऱ्या प्राण्यांना 'मोबाइल', म्हणजे हलते, म्हणत. त्याचं लघुरूप मॉब. चित्रं आली, आवाज आला, खेळ ओळखू येईनासे झाले, पण तो आखूड शब्द टिकला. भाषेत असे अपघात नेहमी होतात, फरक इतकाच की इथे अपघाताची जागा आणि वर्ष सांगता येतं.

'टिल्ट' हा मला या सगळ्यांत सर्वांत उपयोगी शब्द वाटतो. पिनबॉलचं यंत्र कुणी हलवून फसवू पाहिलं की ते 'टिल्ट' म्हणून बंद पडायचं. ही सोय १९३०च्या दशकातली. तिथून शब्द पोकरमध्ये गेला आणि हरण्याच्या रागात आणखी वेडंवाकडं खेळत सुटणाऱ्या माणसाला लागला. आज सोळा वर्षांचा मुलगा मित्रांना सांगतो, "मी टिल्ट झालोय, आता थांबतो." आपल्याकडे 'डोकं फिरलं' आहे, 'संतापलो' आहे, पण त्यांत राग समोरच्यावर असतो. टिल्टमध्ये स्वतःच्या बिघडलेल्या निर्णयशक्तीची कबुली आहे. मोठ्या माणसांच्या बैठकांत कुणी एवढा प्रांजळ शब्द वापरताना मी पाहिलेला नाही.

भाषेच्या शुद्धतेचा मुद्दा काढणाऱ्यांनी तीन शब्दांचा प्रवास जरूर बघावा. पहिला 'लूट'. आपल्याकडचा हा शब्द इंग्रजांनी उचलला. १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे. खेळांत त्याचा अर्थ निवळत गेला. आता रिकाम्या घरात शिरून औषधाची पेटी आणि गोळ्या शोधणं म्हणजे 'लूट'. लुटला जाणारा मालकच तिथे नाही. दुसरा 'टँक'. इंग्रजी शब्दकोश या शब्दाचं मूळ गुजराती 'टांकी', मराठी 'टाकें' यांच्याशी जोडतात, पोर्तुगीज शब्दाचाही त्याला हातभार मानतात. पहिल्या महायुद्धात नव्या चिलखती गाड्यांचं गुपित फुटू नये म्हणून त्यांना पाण्याच्या टाक्या भासवणारं नाव दिलं गेलं आणि १९१६ साली त्या रणांगणावर आल्या. आता खेळात 'टँक' म्हणजे पुढे उभं राहून सगळे घाव स्वतःवर घेणारा गडी, मागच्यांना वाचवणारा. आणि तिसरा 'अवतार'. १९८५ आणि १९८६ साली 'अल्टिमा'च्या चौथ्या भागात आणि 'हॅबिटॅट' या ऑनलाइन जगात तो खेळणाऱ्याच्या पडद्यावरच्या रूपाला मिळाला. हे तिन्ही शब्द सातासमुद्रापार जाऊन, वेष पालटून आपल्याच पोरांच्या तोंडी परतले आहेत. त्यांना दारात अडवून 'तू परका' म्हणायचं असेल तर आधी त्यांची वंशावळ नीट वाचलेली बरी.

इथवर मी खेळणाऱ्यांची वकिली केली. पण वकिलाला अडचणीत आणणारी साक्षही याच अशिलाकडे आहे.

'जीजी', म्हणजे 'गुड गेम', हे सामना संपल्यावरचं सौजन्य. १९९८ सालच्या 'स्टारक्राफ्ट' या खेळाभोवती वाढलेल्या स्पर्धांमध्ये त्याला आणखी नेमका अर्थ आला: हरणारा ते लिहितो आणि पराभव मान्य करून बाहेर पडतो. म्हणून जिंकणाऱ्याने आधी लिहिलं तर तो उद्धटपणा ठरतो. शब्द तेच, कोण आधी म्हणतो एवढ्याने नमस्काराची थप्पड होते. २०१५ साली आलेल्या 'रॉकेट लीग' या गाड्यांच्या फुटबॉलमध्ये टंकत बसायला नको म्हणून तयार वाक्यं दिलेली असतात. त्यातलं 'व्हॉट अ सेव्ह!' हे गोल अडवल्याच्या कौतुकाचं. खेळाडू ते नेमकं कुणी सोपा गोल सोडला की पाठवतात, लागोपाठ तीनदा. बनवणाऱ्यांनी फक्त गोड वाक्यंच हाती दिली, तर लोकांनी साखरेचीच सुरी केली.

यातून एक गोष्ट कळते. वाईट शब्दांची यादी करून ते गाळणारं यंत्र बसवलं की काम झालं, ही समजूत खोटी आहे. १९९६ साली 'एओएल' या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या चाळणीने स्कन्थॉर्प या इंग्लंडमधल्या गावच्या लोकांना नोंदणी करू दिली नाही, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील शब्द दडलेला होता. गाव निर्दोष असून अडलं आणि 'व्हॉट अ सेव्ह' बिनबोभाट सुटलं. २०१६ सालच्या 'ओव्हरवॉच' या खेळाने वेगळी युक्ती केली. जिंकल्यावर कुणी 'जीजी इझी', म्हणजे 'फारच सोपं होतं', असं हिणवायला गेला की त्याच्या नावाने आपोआप भलतंच लडिवाळ वाक्य झळकायचं, झोपायची वेळ झालीय, आईला सांगू नका, अशा धर्तीचं. मला ही युक्ती आवडते, कारण तिला शब्दापेक्षा हेतू कळला होता. पण लोक मुद्दाम ती वाक्यं बघायला 'जीजी इझी' लिहू लागले. शब्द काही एका जागी बसत नाहीत.

आता अवघड भाग. एकतर्फी विजयासाठी इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंमध्ये 'बलात्कार' या अर्थाचा शब्द वर्षानुवर्षं सर्रास वापरला गेला. समलिंगी असणं, मतिमंद असणं यांचेही शब्द असेच कुणालाही मारायचे दगड झाले. कुणी हरकत घेतली की ठरलेलं उत्तर येतं: आमच्यात त्याचा अर्थ वेगळा आहे, ही नुसती खेळातली भाषा आहे.

हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच फसवं आहे. अर्थ बदलतात, हे तर मीच वर इतका वेळ सांगत होतो. पण 'काइट'ला नवा अर्थ आल्यावर पतंगाला काही इजा होत नाही. 'लूट' म्हणताना कुणाच्या घरच्या दरोड्याची आठवण काढून चव आणावी लागत नाही, उलट ती आठवण पुसल्यावरच तो शब्द चालतो. याउलट त्या दुसऱ्या शब्दाची सगळी धार जुन्या अर्थातूनच येते. जुना अर्थ खरंच मेला असता तर त्या जागी 'हरवलं' हा शब्दही चालला असता. तो पुरत नाही, कारण बोलणाऱ्याला जखमेचा तोच झोंबणारा स्वाद हवा असतो आणि जबाबदारी मात्र नको असते. हेडफोन लावून त्याच संघात बसलेल्या मुलीला तो शब्द कोणत्या अर्थाने ऐकू येतो हे तिला विचारलंच जात नाही. नवा अर्थ आणणाऱ्यांत ती नव्हती. तिच्यावर फक्त राज्य आलं.

'बॉट' आणि 'एनपीसी' या शब्दांचं मला म्हणूनच अधिक भय वाटतं, जरी ते कानाला सौम्य लागतात. एनपीसी म्हणजे कुणी खेळाडू चालवत नाही ते पात्र. ही कल्पना १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या काळापासूनची. दुकानदार, पहारेकरी, तीच दोन वाक्यं बोलणारा म्हातारा. खेळात ते एक साधं तांत्रिक नाव होतं. २०१८च्या सुमारास ते राजकीय भांडणात शिवी म्हणून उतरलं: माझ्याशी असहमत असणारा माणूस स्वतः विचारच करत नाही, त्याला आतून कुणी चालवत नाही. खेळात 'बॉट' म्हणजे वाईट खेळणारा, समाजमाध्यमांवर 'बॉट' म्हणजे भाड्याचं बनावट खातं, आणि या दोन अर्थांच्या फटीतून तिसरा सरपटत आला: समोर माणूसच नाही. शिवी देताना निदान समोरच्याला आई-बाप आहेत हे तरी मान्य केलेलं असतं. इथे तेवढंही उरत नाही.

एवढं सगळं मान्य करूनही माझा खरा राग खेळणाऱ्यांवर नाही. त्यांच्या वाईट शब्दावर त्यांच्यातलाच कुणी आवाज चढवू शकतो, आणि चढवतोही. नवख्या नावाने खातं उघडून नवशिक्यांना झोडपणाऱ्या पट्टीच्या खेळाडूला 'स्मर्फ' हे नाव त्यांनीच पाडलं. १९९६ साली 'वॉरक्राफ्ट' या खेळाच्या दुसऱ्या भागात दोघांनी स्मर्फ या कार्टूनमधल्या निळ्या बुटक्यांची नावं घेऊन हा प्रकार केला होता, त्यावरून. दुसऱ्याचा खेळ नासवण्यातच सुख मानणाऱ्याला 'ग्रीफर' हे नावही त्यांचंच. लबाडीला नाव पडलं की ती पकडता येते. 'रडीचा डाव' हा शब्द नसता तर कितीतरी रडे आयुष्यभर सुटले असते.

वरून येणाऱ्या शब्दांना हा न्याय लागू नाही. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते ठाऊक नाही, हवं ते निघालं नाही तर पुन्हा पैसे भरायचे, अशी 'लूट बॉक्स'ची रीत. २०१७ साली 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळावरून त्याविरुद्ध मोठा भडका उडाला. २०१८ साली बेल्जियमच्या नियामकाने काही खेळांतल्या अशा पेट्या म्हणजे बेकायदा जुगारच आहे असा निर्वाळा दिला. आणि जून २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे, तो खेळ काढणाऱ्या ईए कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलं की आम्ही त्याला लूट बॉक्स म्हणत नाही, 'सरप्राइज मेकॅनिक्स' म्हणतो. वर खेळणं लपवलेल्या चॉकलेटच्या अंड्याचा दाखला दिला. समितीला ते पटलं नाही. त्याच वर्षी आलेल्या अहवालात तिने या पेट्यांना जुगाराचे नियम लावावेत अशी शिफारस केली. पण शब्दाची कारागिरी बघा. 'लूट' या शब्दात निदान कुणीतरी लुटतंय याचा वास तरी होता. 'सरप्राइज' म्हणजे वाढदिवस.

पैशाचंही तसंच. खेळात रुपये, डॉलर दिसत नाहीत. हिरे, नाणी, रत्नं दिसतात. ती ठरावीक गठ्ठ्यांत मिळतात, वस्तूच्या किमतीशी गठ्ठा जुळत नाही, चार हिरे उरतात, आणि उरले म्हणून आणखी घेतले जातात. 'हिरा' हा शब्द इथे हिशेबाची सवय मोडण्यासाठी नेमलेला आहे. भरमसाट पैसे ओतणाऱ्या ग्राहकाला हा धंदा आपसात 'व्हेल' म्हणतो, जुगारघरांतून उचललेला शब्द. पडद्यावर ज्याला योद्धा, नायक, विजेता म्हटलं जातं त्याचं हिशेबाच्या वहीतलं नाव म्हणजे गळाला लागलेला मोठा मासा.

आणि खेळणाऱ्यांचे शब्द नि वरून आलेले शब्द हे दोन्ही प्रवाह मिसळतात तेव्हा काय होतं ते 'डिफॉल्ट' या शब्दात दिसतं. 'फोर्टनाइट'मध्ये पैसे न भरणाऱ्याला साधं, ठरलेलं रूप मिळतं. पैसे भरले की 'स्किन' मिळते. स्किनने ताकद वाढत नाही, फक्त पोशाख बदलतो. पण मुलांमध्ये 'डिफॉल्ट' ही शिवी झाली: तू नवखा, किंवा तुझ्याकडे पैसे नाहीत. कंपनीने हा अर्थ कुठे लिहिलेला नाही, लिहायची गरजही पडली नाही. तिने दुकान मांडलं, जाहिरात मुलांनी एकमेकांना टोमणे मारून केली. घरातल्या ज्या मोठ्या माणसाने 'मेलो' ऐकून कपाळाला हात लावला होता, त्याच्या कानावरून 'डिफॉल्ट' हा शब्द कितीदा तरी गेला असेल. तो इंग्रजी, सभ्य, संगणकाचा वाटतो, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. शाळेत मुलांना जाहिरातीची भाषा ओळखायला शिकवायची असेल तर सुरुवातीला हा एक शब्द पुरे आहे. शुद्धलेखनाच्या तासाला खेळांच्या शब्दांवर लाल रेघ मारण्यापेक्षा 'हा शब्द तुला कुणी दिला?' हा प्रश्न विचारला जावा.

'रीस्पॉन'ला, म्हणजे मेल्यावर पुन्हा खेळात उतरण्याला, संस्कृतोद्भव प्रतिशब्द घडवावा अशीही सूचना कधी कधी येते. घडवा बापडे. हात गुंतलेला असताना तो कुणी उच्चारणार नाही. त्यापेक्षा आपल्याकडे खेळातूनच आलेले, घासून गुळगुळीत झालेले शब्द आहेत, ते त्या खोलीत शिरले तर टिकतील. मागे एकदा भाच्याच्या संघात त्याची नऊ वर्षांची चुलत बहीण खेळायला बसली. पहिल्याच फेरीत ती आपल्याच साथीदारांवर गोळ्या झाडत सुटली, तसं कुणीतरी 'नूब', म्हणजे अडाणी नवखी, म्हणून ओरडलं. भाचा म्हणाला, "ए, तिला नूब नको म्हणू, ती कच्चं लिंबू आहे."

पलीकडच्यांपैकी दोघांना मराठी येत नव्हतं. त्याने मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत समजावलं: ती खेळते, पण तिच्यावर राज्य येत नाही, तिची चूक धरायची नसते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. पुढच्या फेरीपासून ते तिला 'लिंबू' म्हणून हाका मारू लागले. त्यांना ते सवलतीचं नाव वाटलं होतं की चिडवण्याचं, ते मला दाराबाहेरून काही कळलं नाही.